इंदूबाईनं ओळखलेला माणूस

इंदूबाईची साक्ष झाली त्या दिवशी कोर्टात टाइप करायला मी बसलो होतो. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, न्यायाधीश साहेब ते कोर्टाच्या भाषेत सांगतात आणि मी ते कॉम्प्युटरवर उतरवतो, हे माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, एवढं पुरे. हजारो जबान्या माझ्या बोटांखालून गेल्या आणि मी त्या विसरलो. ही विसरलो नाही. निवृत्त झाल्यावर दोन-तीनदा तिच्या गावी जाऊन आलो, कारण माझी बहीण तिथून जवळच दिलेली आहे. कोर्टात जे आलं नव्हतं ते इंदूबाईनं मला तिथं सांगितलं.

गाव वडझरी, राळेगाव तालुक्यातलं. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि दोन किलोमीटर चालायचं. इंदूबाई साठीची. नवरा लवकर गेला. कापूस वेचून, बकऱ्या पाळून तिनं मुलाला, राजदीपला, शिकवलं. तो आता यवतमाळला औषधांच्या एका एजन्सीत कामाला आहे. वेचणीला ती जायची ती बहुतेक तानाबाईच्या वावरात. तानाबाई वावराची मालकीण, ही मजूर. ती कुणबी, ही बौद्ध. तानाबाई नवी सून होती तेव्हा तिची सासू मजूर बायांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. सासू गेली त्या हंगामात तानाबाईनं आपला पाण्याचा गडवा सरळ इंदूबाईच्या हातात दिला. त्यावर दोघी कधी काही बोलल्या नाहीत. पुढं पस्तीस वर्षं एकाच पळसाखाली त्यांनी शिदोरी सोडली.

इंदूबाईचं बोलणं ठाम. ‘मले वाटते’ असं ती म्हणायचीच नाही. आज दुपारी वादळ येणार, अमक्याच्या सुनेला दिवस गेले आहेत, तमका पोरगा बारावीत नापास झाला असून घरी खोटं सांगतो आहे, असं काहीही ती सांगायची आणि वर म्हणायची, “काळ्या दगडावरची रेघ.” कधी म्हणायची, “बोंडात सरकी असते तितकं खरं.” कोणी शंका घेतलीच तर, “हातच्या कांकनाले आरसा कायले पाह्यजे?” बहुतेक वेळा ती बरोबर निघायची, म्हणून गावानं तिचं बोलणं मानलं होतं. तानाबाई मात्र थट्टा करायची. इंदे, तुझ्या दगडावर आता नवी रेघ मारायला जागा उरली नाही, म्हणायची.

तो मार्च महिना होता. दोघी बाजार करून परतत होत्या. फाट्यावर उतरल्या तेव्हा चार वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या वाटेवर नाल्यावरचा लहान पूल, म्हणजे मोरी आहे, तिथं पोचल्या आणि मागून एक मोटारसायकल आली. दोघं होते, तोंडाला दुपट्टे बांधलेले. ते पुढं गेले, वळून परत आले आणि गाडी चालू ठेवूनच पुढच्या गावाची वाट विचारली. तानाबाईनं हात लांब करून वाट दाखवली. तेवढ्यात मागं बसलेल्यानं तिच्या गळ्यातली सोन्याची पोत धरली आणि ओढली. पोत लगेच तुटली नाही. तानाबाईनं दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. गाडी सुटली, चार-पाच पावलं ती फरफटत गेली, मग पोत तुटली आणि तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. या झटापटीत मागच्याचा दुपट्टा हनुवटीखाली आला होता. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. इंदूबाईला त्याचा चेहरा दिसला तो एवढाच. दोन श्वास घेऊन होतात तेवढा वेळ.

फाट्यावरून रिक्षा येईपर्यंत तानाबाई गेली. इंदूबाईच्या मांडीवरच गेली.

पोलिसांनी जबाब घेतला. चेहरा सांगा म्हणाले. तिनं सांगितलं, लांबट, नाक सरळ, गालफडं बसलेली, वय पंचविशीचं. पुन्हा पाहिला तर ओळखाल का, असं विचारल्यावर ती म्हणाली की डोळे फोडले तरी ओळखीन. जबाब लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘सदर इसमास मी पुन्हा पाहिल्यास शंभर टक्के ओळखेन.’

तीन आठवड्यांनी पोलिसांनी नयन नावाच्या एका मुलाला धरलं. तो पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्या दिवशी दुपारी तो त्याच भागात एका वावरात मोटार पाहायला आला होता आणि त्याची गाडी इंदूबाईनं सांगितलेल्या रंगाची होती. सोबतचा दुसरा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. कोणी नव्हताच, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पोत सापडली नाही. म्हणजे सगळं येऊन टेकलं ते इंदूबाईच्या डोळ्यांवर.

तुरुंगात ओळख परेड झाली. एका लांब खोलीत सात जण रांगेत उभे केले होते, सगळे एकाच अंगलटीचे, सगळ्यांचे शर्ट साधे. पोलिसांना बाहेर थांबवलं होतं. नायब तहसीलदारांनी तिला सांगितलं, घाई करू नका, ओळखू आला तर हात लावून दाखवा, नाही आला तर नाही म्हणा. ती पहिल्यापासून एकेकासमोर उभी राहत गेली. चौथ्यापर्यंत काही झालं नाही. पाचव्यासमोर आली आणि तिच्या पोटात कसं झालं ते तिनं मला पुढं दोन-तीनदा सांगितलं, दर वेळी वेगळ्या शब्दांत. एकदा म्हणाली, दाराची कडी खट्कन बसावी तसं. एकदा म्हणाली, ताप उतरल्यावर अंग हलकं होतं तसं. एकदा म्हणाली की तेव्हा विचार करावाच लागला नाही, हात आपोआप उचलला गेला.

त्या मुलानं तिच्याकडं पाहिलं. घाबरून नाही पाहिलं, हेच तिला विचित्र वाटलं. तिनं काहीतरी वेगळं बोलावं अशी वाट पाहत असल्यासारखं त्यानं पाहिलं. ती त्याला ओळखते आणि तोही तिला ओळखतो, असं तिला त्या नजरेत दिसलं. तिनं त्याचा अर्थ लावला तो सरळच होता. जिच्यासमोर खून केला तिला माणूस ओळखणारच.

“नक्की का?” नायब तहसीलदारांनी विचारलं.

“साहेब, काळ्या दगडावरची रेघ. बोंडात सरकी असते तसा हाच हाय.”

त्यांनी लिहिलं, ‘साक्षीदाराने इसम क्रमांक पाच यास निःसंशयपणे ओळखले.’ इंदूबाईनं अंगठा नाही, सही केली. मुलाच्या अभ्यासासोबत ती सही करायला शिकली होती.

गावात परतली तेव्हा तानाबाईचा मुलगा अतुल फाट्यावर उभा होता. त्यानं भर रस्त्यात वाकून तिच्या पायांना हात लावला. कुणब्याचं पोर तिच्या पाया पडलेलं त्या रस्त्यावर कोणी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं.

नयनला जामीन मिळाला नाही. दोन वर्षं गेली.

साक्षीचं समन्स आलं त्यानंतरच्या रविवारी राजदीप, त्याची बायको दीपा आणि चार वर्षांची नात खुशी गावी आली होती. दुपारी इंदूबाई ओसरीवर ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती. खुशीला आईबापाच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायचा नाद. ती मोबाइल घेऊन आजीच्या मांडीला टेकली आणि यात तू कुठं आहेस ते दाखव म्हणून मागं लागली. नात चार वर्षांची आणि व्हिडिओ सव्वादोन वर्षांपूर्वीचा कसा, असं कोणाला वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो: लग्न आधी नोंदणीनं झालं होतं, पण घर बांधून झाल्यावर गावाला जेवण घालून, मांडव टाकून विधी केला तो नंतर, तानाबाई गेली त्याच्या तीन महिने आधीच्या डिसेंबरात. व्हिडिओ त्या मांडवाचा होता.

इंदूबाईनं पाहिलं. पांढऱ्या लुगड्यात ती मांडवातून इकडून तिकडं जात होती. मग एका ठिकाणी ती स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन शिडीजवळ गेली. शिडीवर एक मुलगा लाइटच्या माळा बांधत होता. तो दोन पायऱ्या खाली उतरला, पाणी प्याला, हसून काहीतरी बोलला आणि गिलास परत दिला. लांबट चेहरा, सरळ नाक, बसलेली गालफडं.

तिनं खुशीला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा पाहताना तिला तो काय बोलला तेही आठवलं. मावशी, तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, असं म्हणाला होता.

मांडीवरचं ताट तिनं खाली ठेवलं. 

तिला राजदीपकडून कळलं की मांडव राळेगावच्या डेकोरेशनवाल्याचा होता आणि लायटिंगला त्याची हंगामी पोरं यायची. राजदीपनं फोन करून विचारलं. हो, म्हणाला डेकोरेशनवाला. नयन तेव्हा लग्नसराईत आपल्याकडं होता, एरवी मोटारी दुरुस्त करायचा.

त्यानंतर ती रोज ती मोरी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत राहिली. गाडी दिसायची, तानाबाईचे दोन्ही हात दिसायचे, दुपट्टा खाली येताना दिसायचा. पण दुपट्ट्याच्या वर जो चेहरा यायचा तो शिडीवरच्या मुलाचा. कधी त्याच्या खांद्यावर लाइटच्या माळाही असायच्या. एका कापडाचा रंग धुण्यात दुसऱ्याला लागला की मूळचा रंग कोणता ते सांगता येत नाही, तसं झालं, असं ती मला म्हणाली. परेडीत पोटात कडी बसली ती मोरीवरच्या माणसाला पाहून बसली, की आपल्या अंगणात पाणी प्यालेल्या माणसाला पाहून? तिला सांगता येईना. आणि घाबरवणारी गोष्ट ही होती की ती कडी आताही तितकीच घट्ट बसलेली होती. तिला अजूनही आतून वाटत होतं की हाच तो.

राजदीपनं तिला समजावलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लग्नात लाइट लावणारा माणूस पोत ओढणाराही असू शकतो. घर पाहून ठेवलं असेल, बाया कोणत्या वाटेनं येतात ते माहीत झालं असेल. तू आधी सांगितलंस तेच सांग, बाकी कोर्ट पाहील. जबाब फिरवलास तर तुझ्यावरच खोट्या साक्षीची केस होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, व्हिडिओतलं सांगू नको का? तो म्हणाला, विचारलं तर सांग. विचारणार कोण होतं? ही गोष्ट तिच्या घराबाहेर कोणाला माहीतच नव्हती.

चार दिवस तिनं काढले. पाचव्या दिवशी सकाळी ती अतुलकडं गेली.

अतुल गोठ्यात होता. तिनं त्याला बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांगितलं. मोबाइल नव्हता तिच्याकडं, तोंडानंच सांगितलं.  ती थांबल्यावर म्हणाला, “म्हणजे तो सुटला पाह्यजे?”

“मी तसं नाई म्हणत, बापू. तोच असन. पण मले मोरीवरचं काई आठवत नाई आता, मांडवातलंच आठवते.”

“तू मले फाट्यावर काय म्हनली होती?”

तिला आठवत होतं. काळ्या दगडावरची रेघ, हेच म्हणाली होती.

“माही माय तुह्या मांडीवर गेली, मावशी. तिथं दुसरं कोनी नव्हतं. तू नाई म्हनशीन त कोन म्हनन?” तो उठला. आवाज चढवला नाही त्यानं. “दोन साल म्या त्याच एका गोष्टीवर काढले. आता तू येऊन म्हनतेस, ‘मले वाटलं होतं.’”

ती जायला निघाली तेव्हा त्यानं मागून एवढंच सांगितलं, की कोर्टात असं बोललीस तर या दारात येऊ नकोस.

साक्षीच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात सरकारी वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं, काय काय विचारणार ते सांगितलं. इंदूबाईनं मांडवाची गोष्ट काढली. वकीलबाईंचा चेहरा बदलला. हे आधी पोलिसांना का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, विचारीन तेवढ्याचं उत्तर द्या, हो किंवा नाही. शेजारच्या बाकावर अतुल बसला होता. त्यानं मान वळवून घेतली.

आता मी जे पाहिलं ते सांगतो. बाई पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. शपथ घेतली. बाजार, फाटा, मोरी, पोत, सगळं नीट सांगितलं. तानाबाई पडली ते सांगताना थांबली, पाणी प्याली, पुन्हा बोलू लागली. तिथपर्यंत इतकी सरळ साक्ष मी क्वचितच टाइप केली असेल. मग वकीलबाईंनी विचारलं की तो माणूस आज कोर्टात हजर आहे का.

आरोपीच्या जागी नयन उभा होता. दाढी वाढलेली, पार वाळलेला. तो खाली पाहत होता.

“म्या परेडीत ज्याले हात लावला तो हा हाय,” इंदूबाई म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, पोत ओढणारा माणूस हाच का ते सांगा.

बाईनं कठड्यावरची पकड बदलली.  साहेबांनी मान वर करून पाहिलं. वकीलबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, हो की नाही.

“दोन्ही नाई म्हनता येत, साहेब,” ती वकीलबाईंकडं नाही, साहेबांकडं पाहून म्हणाली. “हा मानूस त्याआधी माह्या घरी आलता. म्या त्याले पानी देल्लं होतं.”

कोर्टात एकदम हालचाल झाली. मागच्या बाकावरून अतुल उठला आणि बाहेर निघून गेला. दार आपटल्याचा आवाज झाला. वकीलबाईंनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करण्याची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर त्यांनी तिला उलट प्रश्नांवर घेतलं, आणि ते त्यांचं कामच होतं. जबाब वाचून दाखवला, परेडीचा पंचनामा वाचून दाखवला. शंभर टक्के कोण म्हणालं? निःसंशय कोण म्हणालं? आरोपीच्या घरचे तुम्हाला भेटले का? तुम्ही कोणाच्या दबावाखाली बोलता आहात? ती प्रत्येकाला उत्तर देत गेली. शंभर टक्के हा शब्द आपला नाही, पण आपण त्याहून मोठं बोललो होतो, हे तिनं कबूल केलं. दबाव आहे, पण हे न बोलण्याचा आहे, असंही म्हणाली. त्यावर साहेबांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

आरोपीच्या वकिलाला वाटलं आता मैदान आपलंच. तो उठला आणि हसून म्हणाला, म्हणजे पोत ओढणारा हा नव्हताच, असं म्हणायचं ना?

“तसंही नाई म्हनत म्या.”

तो खाली बसला.

मग साहेबांनी स्वतः विचारलं. परेडीच्या वेळी तुम्हाला खात्री होती का? होती, म्हणाली. आता नाही? 

“साहेब, मनाले आताही तसंच वाटते. तवा जसं झालतं तसंच. तेच त मले भेव वाटते. खरं असलं तरी तसंच वाटते अन् चुकलं असलं तरी तसंच वाटते. आतून काई फरक समजत नाई. आजवर म्या एवढं छातीठोक बोलली ते सारं असंच असन का काय, तेही आता समजत नाई.”

साहेब मला सांगायला वळले.  मग म्हणाले, लिहा, ‘आरोपी हाच तो इसम असल्याबाबत मला आता खात्री नाही.’ मी टाइप केलं. पद्धतीप्रमाणे मी ते वाचून दाखवलं. बाईनं मान हलवली.

“असं नका लिहू,” ती म्हणाली. “खात्री हाय मले. कायची हाय ते लिहा. हा मानूस डिसेंबरात माह्या मांडवात होता, याची हाय. तानाबाईची पोत एका मानसानं ओढली, याची हाय. हे दोघं एकच हाय का, याची नाई.”

अठ्ठावीस वर्षांत साक्षीदारानं सांगितलेलं वाक्य साहेबांनी जसंच्या तसं घ्यायला सांगितलं, असं फार थोड्या वेळा झालं. त्या दिवशी झालं. मी तीन वाक्यं टाइप केली. तिनं सही केली, कठडा सोडला आणि बाहेर गेली. जाताना ती आरोपीकडं पाहील असं मला वाटलं होतं. तिनं पाहिलं नाही.

पाच महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन नयनला सोडलं. बाईवर काही केस झाली नाही. दुसरा कोणी आजपर्यंत सापडलेला नाही.

गावात काय बोललं गेलं असेल ते सांगायची गरज नाही. इंदूबाई फुटली, विकली गेली, असं म्हणणारे निघालेच. अतुलनं वेचणीला दुसऱ्या गावच्या बाया लावल्या. इंदूबाईच्या बकऱ्या त्याच्या वावराच्या कडेला, धुऱ्यावर दिसल्या की हाकलल्या जाऊ लागल्या. तिच्या मोहल्ल्यातल्या काही जणांचंही म्हणणं पडलं की त्या लोकांच्या भानगडीत तू कशाला पडलीस, आधी हो म्हटलं होतंस ना, मग ‘हो’वरच राहायचं. पस्तीस वर्षं ज्या पळसाखाली बसली त्या बाजूला तिनं जाणं सोडलं.

निकालानंतर महिनाभरानं नयनची बायको पायल तिच्या घरी आली. सोबत साडी-नारळ आणला होता. आल्या आल्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. इंदूबाई दोन पावलं मागं सरली. पायल सांगत होती की नवऱ्याला तुरुंगातही आठवायचं, त्या बाईला कुठं तरी पाहिलं आहे, पण शंभर मांडव केले होते, कुठला ते आठवत नव्हतं. माझ्या माणसाला तुम्ही वाचवलंत, असं ती म्हणाली.

“म्या कोनाले वाचवलं नाई, पोरी,” इंदूबाई म्हणाली. “मोरीवर तुहा नवरा होता का नव्हता, ते मले मालूम नाई. त्याले मालूम असन.”

पायलचा चेहरा उतरला. इंदूबाईनं तिला चहा पाजला, साडी-नारळ परत पिशवीत घातला आणि फाट्यापर्यंत सोबत चालत गेली. 

मी गेल्या हिवाळ्यात तिला भेटलो तेव्हा तिचं बोलणं बदललेलं जाणवलं. मी विचारलं, राळेगावची गाडी किती वाजता आहे. पूर्वीच्या इंदूबाईनं मिनिटासकट सांगितलं असतं. तिनं सांगितलं की काल साडेतीनला गेली होती. तेव्हाच तिनं मला अतुल आल्याचं सांगितलं. त्याआधी पंधराएक दिवस, भर वेचणीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास तो आला. दारात उभा राहिला. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो ओसरीच्या कडेला टेकला.

मग म्हणाला, “मावशी, माय शेवटी काई बोलली होती का?”

हे त्याला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नव्हतं, कोर्टात निघालं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

“बोलली,” इंदूबाई म्हणाली. “जेवढं म्या आयकलं तेवढंच सांगते. ती म्हनली, इंदे, माही एक चप्पल कुठी गेली ते पाह्य.”

“अन्?”

“बस.”

“माहं नाव?”

त्याचा चेहरा पाहून तिला हो म्हणावंसं वाटलं. एका शब्दाचं काम होतं आणि ते खोटं म्हणून कोणी कधी पकडलं नसतं.

“नाई घेतलं, बापू.”

त्यानं मान हलवली. हातातली गाडीची चावी बोटांत फिरवत राहिला. वावरात बाया आल्या असतील, कापूस मोजायला त्याची वाट पाहत असतील, हे दोघांनाही माहीत होतं. तो उठला नाही.

“भेटली का मंग चप्पल?” त्यानं विचारलं.

“मोरीच्या खाली पडली होती. म्या पदरानं पुसली अन् तिच्या पायात घातली.”